तहसीलदारांचा दुभाष्या

तुम्हाला जे सांगणार आहे ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही, मुलांना नाही. गावात अर्धंमुर्धं माहीत आहे, पण तिथे त्याला कुणी पाप म्हणत नाही — सदा मास्तरची हुशारी म्हणतात. अजूनही गावी गेलो की एखादा म्हातारा पाठीवर थाप मारतो. "सायबाला काय गुंडाळला होतास रं!" आणि मी हसतो. इतकी वर्षं मी असा हसत आलोय. त्या हसण्याची मला आता किळस येते.

कुठून सुरुवात करू? सरळ सांगून टाकावं, तर जीभ वळत नाही. जिभेवरच तर सगळं पोट भरलं माझं.

मी बेळगावच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. गाव खानापूर तालुक्यात, लोंढ्याच्या बाजूला. घरी शेती. आप्पा — माझे वडील — लक्ष्मीच्या जत्रेच्या पंचांपैकी एक. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमात आफ्रिकेतल्या कादंबऱ्या आल्या. तोवर आम्ही कधी न पाहिलेल्या बर्फावरच्या कविता शिकवत होतो. आणि एकदम हे! नायजेरियातल्या इग्बो लोकांची गावं. गोरे यायच्या आधीची आणि आल्यानंतरची. कंदाची शेती, गावदेव, पितर, जाणत्यांची बैठक. पाहुणा आला की आधी कोलाचं फळ फोडून त्याच्यापुढे धरायचं. मी वर्गात टेबलावर हात आपटून सांगायचो — अरे, ही आपलीच पानसुपारी! ही आपलीच पंचांची बैठक! आणि मग येतो गोरा अधिकारी. त्याला भाषा येत नाही, गाव कळत नाही, तरी खुर्ची टाकून निवाडा देतो.

त्या गोऱ्याशेजारी एक माणूस उभा असतो. दुभाष्या. साहेबाचं गावाला आणि गावाचं साहेबाला सांगणारा. ह्या माणसावर मी अख्खा एक तास बोलायचो. गोऱ्यापेक्षा जास्त राग मला त्याचा. गोरा निदान अडाणी आहे, म्हणायचो मी, ह्याला तर दोन्ही भाषा येतात! ह्याला सगळं कळतं, आणि तरी हा मधल्या मध्ये शब्द फिरवतो. पोरं मन लावून ऐकायची. मला माझा आवाज फार आवडायचा.

तुम्ही सीमाभागातले असाल तर पुढचं ओळखलं असेल. माझ्या त्या तासांमध्ये गोरा साहेब हळूहळू कानडी साहेब व्हायचा. आमच्यावर लादलेला, आमची भाषा न येणारा. खडेबाजारातल्या एका वाचनालयात मी ह्याच विषयावर व्याख्यान दिलं. हॉल भरला होता, बाहेर जिन्यावर माणसं उभी होती. इग्बो गाव म्हणजे आपलं गाव, असं म्हटलं की टाळी. बाहेरचा येतो आणि आपलं मोडतो, असं म्हटलं की टाळी. एका वकिलांनी उठून मिठी मारली. आपल्यावर अन्याय झाला हे ऐकायला माणसाला किती गोड वाटतं!

पण त्या कादंबऱ्यांमधली एक गोष्ट मी गाळायचो. वर्गातही आणि व्याख्यानातही.

इग्बो गावात ओसू म्हणून माणसं असायची. देवाला वाहिलेली. मान मोठा — देवाची माणसं! राहायचं मात्र वेगळं. त्यांच्याशी सोयरीक नाही, बैठकीत त्यांना जागा नाही, त्यांची मुलंही पुन्हा ओसूच. आणि परक्यांचा नवा धर्म गावात आला तेव्हा त्याच्या दारात लवकर जाऊन उभी राहिली ती हीच माणसं. आता सांगा, हे वर्गात शिकवलं असतं तर माझ्या त्या सुंदर मोडलेल्या गावाचं काय झालं असतं? टाळी कुठे पडली असती? म्हणून मी ती पानं उलटून पुढे जायचो. विसरून नव्हे. मी ती प्रत्येक वेळी ठरवून उलटली.

वर्गात सुमन होती.

सुमन माझ्याच गावची. वस्तीतली — पूर्वी जिला महारवाडा म्हणायचे तिथली. तिच्या वडिलांच्या पिढीत ते सगळे बौद्ध झाले होते. वस्तीतून बी.ए.ला गेलेली ती पहिली मुलगी. गावात ती मला 'आण्णा' म्हणायची. कॉलेजात आली तेव्हा मी तिला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, इथं 'सर' म्हणायचं. आम्ही एकाच बसनं यायचो. माझ्या शेजारची जागा रिकामी असली तरी ती दांडा धरून उभी राहायची. बस, असं मी एकदाही म्हणालो नाही. पुढे बसून मी काय वाचत असायचो? इग्बो समाजावरचे लेख.

बाकीची पोरं गाइड वाचायची. सुमन पुस्तक वाचायची. एके दिवशी मी कोला आणि पानसुपारीवर रंगात आलो होतो, तेव्हा ती उभी राहिली.

"सर, ते ओसू होते, त्यांच्यापुढं कोला फोडायचे काय?"

तिचा प्रश्न आफ्रिकेचा नव्हता हे मला कळलं आणि वर्गालाही कळलं. आमच्या घरी तिच्या बापाला पान कधी हातात दिलं जात नव्हतं — ओट्यावरून खाली टाकलं जायचं.

"ते परीक्षेला येत नाही," मी म्हणालो. "तू आधी स्पेलिंग सुधार."

पोरं हसली आणि ती खाली बसली. तुम्हाला वाटेल, हाच तो अपराध — मास्तरनं पोरीला वर्गात खजील केलं. नाही हो. हा अपराध असता तर मी एवढी पानं खरडली नसती.

त्याच वर्षी आमच्या गावात लक्ष्मीची मोठी जत्रा आली. ती दरवर्षी नसते, बऱ्याच वर्षांनी येते, त्यामुळे गाव वेडं होतं. लेकीबाळी माहेरी येतात, घरं रंगतात. त्या जत्रेत रेडा असतो. तो वस्तीतल्या माणसांनी धरायचा. कापला की त्याचं शीर त्यांच्यातल्या एकानं डोक्यावर घ्यायचं आणि रक्तात कालवलेला भात शिंपडत गावच्या शिवेवरून फेरी मारायची. गावाची पीडा शिवेबाहेर जाते म्हणे. पीडा घेऊन गेलेला माणूस परत आला की त्याच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नाही. आणि आप्पा ह्याला काय म्हणायचे? "त्यो त्येंचा मान हाय. देवीनं दिलेला."

मान! देवाची माणसं! शब्द तेच होते, फक्त मुलूख वेगळा. माझ्या टेबलावर ते पुस्तक उघडं पडलेलं असायचं आणि मला ते दिसत नव्हतं, असं म्हणू? दिसत होतं.

सुमनचे वडील यल्लाप्पा. मागच्या जत्रेत ते शीर त्यांच्या बापानं वाहिलं होतं. ह्या वेळी त्यांच्यावर पाळी आली आणि ते पंचांसमोर जाऊन म्हणाले, आम्ही बुद्ध झालोय, वर्गणी देतो, मांडव घालू लागतो, पण रेडा धरणार नाही. आरडाओरडा केला नाही, हात जोडून म्हणाले. गावानं रेड्यासाठी दुसरीकडून माणसं आणली. जत्रा थाटात झाली. आणि ती संपल्यावर, पाव्हणेरावळे गेल्यावर, गावानं वस्ती वाळीत टाकली.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे तुम्हाला शेवटी सांगतो. माझ्या शब्दांत नाही.

वस्तीतल्या लोकांनी खानापूरला जाऊन तक्रार केली. तहसीलदार चौकशीला आले. म्हैसूरकडचा तरुण माणूस, नुकताच बदलून आलेला, मराठीचा गंध नाही. मारुतीच्या देवळासमोर खुर्च्या टाकल्या होत्या. एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला उन्हात वस्तीतली माणसं. खरं तर दुभाष्याचं काम तलाठ्याचं होतं, त्याला मराठी-कानडी दोन्ही यायचं. पण पंचांनीच मोडता घातला — कानडीत आमचं म्हणणं मांडणार नाही! तलाठी बाजूला सरकला. तो दुपारी आमच्याच घरी जेवला होता.

"सदा, तू बोल रं," आप्पा म्हणाले. "तुझं इंग्लिश काढ भाईर."

"मास्तर, लंडनला ऐकू गेलं पायजे बघा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि गाव हसलं.

मी पुढे झालो. नीट ऐका — मला कुणी धमकी दिली नव्हती. मी नाही म्हणालो असतो तर मला कुणी वाळीत टाकलं नसतं. माझा पगार बेळगावात होता, बिऱ्हाड तिथं करता आलं असतं. मला भीती नव्हती. मला मजा वाटत होती. कानडी साहेब मराठी गावात आलाय आणि त्याच्यासमोर माझ्याइतकं इंग्रजी कुणाला येत नाही! आयुष्यात पहिल्यांदा अख्खं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं.

यल्लाप्पा पुढे आले. त्यांना बाजारापुरतं कानडी यायचं. ते साहेबाकडे वळून कानडीत काही बोलू लागले, तर मीच अडवलं. "यल्ल्या, तू आपल्या भाषेत बोल, मी सांगतो." माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी त्यांना लहानपणापासून यल्ल्याच म्हणत होतो आणि ते मला सदाआण्णा म्हणत होते.

ते बोलले. सगळं सांगितलं. आवाज न चढवता, हातवारे न करता, बराच वेळ. मग तहसीलदारांनी माझ्याकडे बघितलं.

मी अस्खलित इंग्रजीत सांगितलं — ह्या माणसाचं म्हणणं असं आहे की जत्रेवरून थोडा गैरसमज झाला. धर्म बदलल्यापासून ही मंडळी स्वतःहूनच गावापासून अलग राहतात. दळण शेजारच्या गावी नेतात, ती त्यांची सोय आहे. पाण्याची व्यवस्था वेगळी आहे, ती पूर्वापार. गावाविरुद्ध त्यांची काही तक्रार नाही. शहरातल्या कुणी भरीला घातल्यामुळे तक्रार झाली. आणि मग — हे तर यल्लाप्पांच्या नावावरही नाही, माझं स्वतःचं — मी म्हणालो, साहेब, परंपरागत समाज बाहेरून आलेल्या माणसाला चटकन कळत नाही.

वाक्य थेट माझ्या वर्गातलं. तहसीलदारांनी मान हलवली. त्यांनाही कुठल्यातरी कॉलेजात हेच शिकवलं असणार.

आणि तेव्हा बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "नो सर. नॉट लाइक दॅट."

सुमन. ती पुढे आली होती. तिला प्रत्येक शब्द कळला होता. कळणारच — ते शब्द मीच तिला शिकवले होते. तहसीलदार थबकले. ते तिच्याकडे बघत होते, आणखी एक वाक्य तिला जुळवायला मिळालं असतं तर सगळं फिरलं असतं. ती शब्द शोधत होती. ओठ हलत होते. मी वाट बघितली नाही. मी साहेबांना म्हणालो, ही माझीच विद्यार्थिनी आहे. इंग्रजीत कच्ची आहे. मी काय बोललो ते तिला समजलेलं नाही.

"ए पोरी, मागं हो!" पंचांपैकी कुणीतरी खेकसलं.

ती मागे झाली नाही. तिथंच उभी राहिली, माझ्याकडे बघत. मीच नजर वळवली. तहसीलदारांनी सामोपचाराचे दोन शब्द सांगितले, मी त्यांचं मराठी केलं — अगदी चोख केलं, त्यात एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग चहा झाला. जीप गेली. यल्लाप्पांनी जाताना मला हात जोडले. काय सांगितलं गेलं ते त्यांना अजून कळलं नव्हतं. घरी गेल्यावर सुमननं सांगितलं असेल. तिनं कशी सांगितली असेल ती गोष्ट बापाला? कुठल्या शब्दांत?

पाऊस लागायच्या आत वस्तीतली बहुतेक घरं उठली. यल्लाप्पांचं घर निपाणीला गेलं. बायका तंबाखूच्या वखारीत लागल्या, कुटायला, चाळायला. सुमनही. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. कॉलेजात तिची चौकशी करणारं कोण होतं? मीच होतो. मी हजेरी घेताना तिचं नाव सोडून पुढचं नाव घ्यायला लागलो.

इथं थांबलो असतो तरी मी नीच होतो. पण मी थांबलो नाही. काही वर्षांनी वारं बदललं. परिसंवादांमधून वंचितांवर, बहिष्कृतांवर बोलायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे माल आहे. मी ती उलटलेली पानं पुन्हा उघडली. धारवाडला एक निबंध वाचला. पहिलंच वाक्य — 'ओसूच्या पुढे कोला फोडला जायचा का?' प्रश्न कुणाचा, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खाली उतरल्यावर वस्त्यांमधून आलेल्या तरुण प्राध्यापकांनी माझे हात हातात घेतले. एकाच्या डोळ्यांत पाणी होतं. सर, तुम्ही आमचं दुःख बोललात. थोबाडीत मारायला हवी होती त्यानं! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानं ठेवला. कळतंय का तुम्हाला, मला त्या क्षणी स्वतःबद्दल खरंच चांगलं वाटत होतं?

त्या निबंधाच्या जोरावर आमंत्रणं येत राहिली. परवा-परवा एक निपाणीहून आलं. कामगार वस्तीतल्या एका मंडळाचं. मी गेलो. सगळं पाठ होतं, कोला, ओसू, दुभाष्या, सगळं म्हटलं. टाळ्या झाल्या. प्रश्नांच्या वेळी दुसऱ्या रांगेतली एक बाई उठली. चष्मा लावलेला, अंगावर सुती साडी. शेजारी बसलेल्यांनी तिला 'बाई' म्हणून वाट दिली, त्यावरून शाळेत शिकवत असावी. मी तिला लगेच ओळखलं.

"सर, तुमच्या गावात जत्रा अजून होते काय?"

तुमच्या गावात, म्हणाली.

"होते," मी म्हणालो.

"रेडा कोण धरतं आता?"

सभागृहात कुणालाच काही कळत नव्हतं, अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते. माझ्यासमोर माईक होता. ह्या वेळी भाषांतर लागणार नव्हतं, सगळ्यांना मराठी येत होतं. चार वाक्यांत सांगून मोकळा होऊ शकलो असतो.

"आता तसं काही राहिलेलं नाही," मी म्हणालो. "काळ बदललाय."

खोटं. पंच अजूनही बाहेरून माणसं आणतात, यल्लाप्पांच्या वस्तीसारख्याच वस्तीतली, दुसऱ्या गावची, आमच्या गावाला ज्यांची नावंही माहीत नसतात. सुमननं मान हलवली आणि खाली बसली. तिला नवीन काही कळलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि ते मला सहन झालं नाही, म्हणून मी चहाला न थांबता बस धरली. यल्लाप्पा आहेत की गेले, हे विचारायचंही धाडस झालं नाही. खोटं कशाला बोलू — धाडस नव्हे, मी विचारायचं टाळलं.

आता तेवढंच उरलं. त्या दिवशी देवळासमोर यल्लाप्पा जे बोलले ते मला शब्द न शब्द आठवतं. ते कुठल्याही कागदावर चढलं नाही, कारण ते ज्यानं सांगायचं त्यानं ते सांगितलं नाही. ते म्हणाले:

"सायेब, आमी जत्रंला न्हाय म्हणालो न्हाय. आमी रेडा धरणार न्हाय, येवढंच म्हणालो. तवापासनं दुकानात मीठ देत न्हाईत. गिरणीत दळण घेत न्हाईत. माझी म्हातारी जात्यावर दळती, हाताला फोड आल्यात तिच्या. आडावर बाभळीची काटी टाकल्या. सून बाळंतीण हाय, तिला नाल्याचं पाणी पाजतोय. कामाला कोण बोलवत न्हाय. मारलं म्हणशीला तर न्हाय मारलं कुणी, उगंच खोटं का सांगू? बोलत न्हाईत, येवढंच. कुत्रं आडवं आलं तर त्येला हाड तरी म्हणत्यात. आमास्नी कुणावर खटला घालायचा न्हाय. आमास्नी हितंच ऱ्हायाचं हाय, आमचा बा हितं मेला, आजा हितं मेला. काटी तेवढी काढाय सांगा. मला लई बोलाय येत न्हाय सायेब. आमचं सदाआण्णा हाईत न्हवं, माझ्या म्होरं ल्हानाचं मोठं झाल्यात. त्येनी सांगत्यात तुमास्नी बराबर."